चौथ्या बाटलीचा पत्ता

लोधिवली,
२९ जानेवारी २०२४

चि. प्रवीण यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या सातही बाटल्या भरून पाठवते आहे. फोनवर सांगून भागलं असतं, पण "बाटलीबरोबर कागद हवा, तोंडी सांगितलेलं हवेत जातं" हे तुझंच वाक्य. तेव्हा कागद घे. आणि कागद घेतलाच आहे तर चार ओळी जास्त लिहिणार, त्या तुला वाचाव्या लागतील. मावसबहिणीच्या मुलासाठी पाचोळा चाळत बसणारी निवृत्त शिक्षिका अख्ख्या खालापूर तालुक्यात मी एकटीच असेन.

नरसाळं चौक गावातल्या जितेशच्या गॅरेजात पत्र्याचं करून घेतलं. "बाई, टँकर भरायचाय काय?" म्हणाला. किडे पाडायचेत म्हटल्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही. तू सांगितलंस तसंच केलं. वर जाळीत पाचोळा, त्याच्यावर बल्ब, खाली तुझी स्पिरिटची बाटली. पाचोळा वरून सुकत गेला की किडे ओलाव्याच्या मागे खाली सरकतात आणि शेवटी बाटलीत पडतात. बघवत नाही, पण बघत बसले. भर दुपारी पडवीत दिवा जळतो म्हणून शेजारच्या विमलबाई दोनदा डोकावून गेल्या.

चिठ्ठ्या मी आधीच सगळ्या एका बैठकीत लिहून ठेवल्या होत्या. एक ते तीन पुढच्या अंगणातला फणस, चार आणि पाच परसातला आंबा, सहा आणि सात ओढ्याकाठची करंज. अक्षर लागलं नाही असं म्हणू नकोस. माझ्या हाताखालून गेलेलं एकही मूल असं म्हणालेलं नाही.

गुडघ्यांमुळे वाकवत नाही. शेतावर कामाला येणारी ठमी राबाचा पाला टाकायला आली होती, तिनेच चाळण धरली. तू बंगळूरचा झालास म्हणून सांगते. भाताचं रोप जिथे करायचं त्या जागेवर शेण, पाला, टहाळ पसरून उन्हाळ्यात भाजतात, त्याला राब म्हणतात. आमचा राब वर्षानुवर्षं ठमीच घालते.

तुझी,
सुनंदामावशी

—

बंगळूर,
२१ फेब्रुवारी २०२४

ती. सुनंदामावशीस सा. न.

बाटल्या सुखरूप पोचल्या. अक्षर उत्तम आहे.

सहा बाटल्यांत नेहमीचे जीव आहेत. चार नंबरच्या बाटलीत तीन भुंगेरे आहेत आणि त्यांच्यासाठी हे पत्र. लांबी दीड मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढीही नाही. रंग तांबूस. पहिल्यांदा मुंगी वाटते, मग मिशांच्या टोकाची गाठ दिसते. पाठीवरची झाकणं अर्ध्या पोटापर्यंतच आहेत आणि त्यांच्याखाली पंखच नाहीत. गेले दोन आठवडे मी या गटात आजवर वर्णन झालेल्या प्रत्येक जातीशी ताडून पाहिलं. कशाशीच जुळत नाही. या कुळात नराच्या पोटात एक वाकडा अवयव असतो, त्याचा आकार जातीजातीला वेगळा. तिघांत एक नर निघाला. तो अवयव सोडवायला मला अख्खी दुपार लागली, हे तुला म्हणून सांगतो.

ही नवी जात आहे. मला तरी शंका उरलेली नाही.

आता जागेबद्दल. या किड्याला उडता येत नाही. असे भुंगेरे एका उतारावर असतात आणि पलीकडच्या उतारावर नसतात. त्यामुळे कुठे सापडला, ही त्याची निम्मी ओळख असते. कोणता आंबा, खोडापासून किती हातांवर, पाचोळा वरचा की खालचा कुजका, सगळं आठवून लिही. नाव लोधिवलीवरून ठेवायचं ठरवलं आहे. एकदा छापलं की नाव बदलत नाही, जागा चुकीची ठरली तरीही. म्हणून विचारतो आहे.

माझी इथली नेमणूक पुढच्या वर्षी मार्चमध्ये संपते. नवीन जातीचं एक तरी वर्णन छापून आलेलं असलं तर ती वाढेल. पण तू त्याची काळजी करू नकोस. फक्त आणखी पाचोळा चाळ. एकच नर फार कमी आहे.

तुझा,
प्रवीण

—

लोधिवली,
९ मार्च २०२४

चि. प्रवीण यास आशीर्वाद.

आनंद झाला. तुझी आई असती तर तिने पेढे वाटले असते आणि किड्यापायी वाटले हे कोणाला सांगितलं नसतं.

आंबा परसातला. विहिरीकडचा. खोडापासून चार-पाच हात असेल. पाला खालचा, ओलसर. याहून जास्त काही आठवत नाही.

आणखी पाठवणं आता जमणार नाही. सगळं कोरडं ठाक झालं आहे, ठमीही येऊन राब लावून गेली. पुढच्या महिन्यात भाजू. नरसाळ्यावरचा बल्बही गेला.

गावाचं नाव किड्याला देतो आहेस ते चांगलंच. उगाच घाई करू नकोस एवढंच.

तुझी,
सुनंदामावशी

—

बंगळूर,
५ ऑगस्ट २०२४

ती. सुनंदामावशीस सा. न.

जुलैतल्या दोन दिवसांच्या पाहुणचाराबद्दल आभार. तुझे गुडघे फारच दुखत असावेत. दोन्ही दिवस तू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाहीस.

विहिरीकडच्या आंब्याखालचा पाचोळा मी चौदा वेळा चाळला. फणसाखालचा आणि करंजाखालचाही. माझा भुंगेरा एकही नाही. भर पावसात, ओल्या पाचोळ्यात, तोही नेमका जिथे सापडला होता तिथेच. असं होतं कधी कधी. मी ते हंगामावर ढकललं.

लेख मे महिन्यातच पाठवला होता. ज्यांनी तो तपासला त्यांच्यापैकी एकाने नेमका हाच मुद्दा काढला आहे. घराच्या परसात, विहिरीच्या वापरातल्या जागी असला किडा मिळाल्याचं त्यांच्या पाहण्यात नाही, जागेची खात्री करावी. मी उत्तर दिलं की नमुने गोळा करणारी व्यक्ती माझी मावशी आहे, तिने छत्तीस वर्षं शाळेत हजेरी मांडली आहे, तिची नोंद मी माझ्या नोंदीइतकी खरी धरतो. संपादकांनी ते मान्य केलं. शेवटची छपाई सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाईल.

एक बारीकसं राहिलं. त्या बाटलीच्या तळाशी पानाचा एक तुकडा होता. देठापाशी, मागच्या बाजूला, दोन गाठी. इथल्या वनस्पतीवाल्यांनी तो ऐनाच्या झाडाचा म्हणून ओळखला. तुझ्या परसात ऐन दिसला नाही. वाऱ्याने आला असेल का?

तुझा,
प्रवीण

—

लोधिवली,
१२ ऑगस्ट २०२४

चि. प्रवीण,

छपाई थांबव. आधी हे कर, मग पुढचं वाच.

ऐन वाऱ्याने आला नाही. ठमीच्या डोक्यावरून आला. चौथ्या बाटलीच्या वेळी मला परसात जाववलं नाही. अंगणात राबासाठी टाकलेल्या पाल्याचा ढीग होता. खालचा पाला ओलसर होता, तसला वरून घातला की राब भडकत नाही, धुमसत राहतो, म्हणून ठमी तो मुद्दाम आणते. मी त्यातला घमेलंभर घेतला आणि नरसाळ्यात ओतला. चिठ्ठी "परसातला आंबा" अशी लिहून तयारच होती. पाला तो पाला, असं मला वाटलं. छत्तीस वर्षं हजेरी मांडली हे खरं आहे, पण पाऊसपाण्याच्या दिवशी ती आधीच मांडून ठेवायची खोड मला होती, हे तुला माहीत नव्हतं.

ही झाली चूक. तुझं फेब्रुवारीचं पत्र आल्यावर मात्र मी खोटं लिहिलं. त्याला दोन कारणं होती. ठमी खैरवाडीची, डोंगराच्या माथ्यावरची. तो पाला ती जंगलातून आणत असणार. मोळीवाल्या बायांना अडवतात असं ऐकून होते. जागा छापली, कोणी चौकशीला आलं, तर ती सापडणार. गरीब बाई माझ्या राबापायी अडचणीत नको, म्हणून गप्प बसले. दुसरं कारण असं की छापील कागदावर माझं नाव येणार होतं, आणि मला ते हवं होतं.

तू आलास तेव्हा पावसात गुडघाभर चिखलात चाळण धरून बसला होतास आणि मी खिडकीतून बघत होते. मला लाज वाटली. तरीही बोलले नाही. तू त्या परक्या माणसाला माझ्याबद्दल जे लिहिलंस ते वाचल्यावर मात्र राहवलं नाही.

तुझी,
सुनंदामावशी

—

बंगळूर,
२० ऑगस्ट २०२४

ती. सुनंदामावशीस,

लेख मागे घेतला आहे.

जागा फक्त बदलून भागणार नाही. तुझं परस तुझ्या मालकीचं होतं, म्हणून परवानगीचा प्रश्न नव्हता. जंगलखात्याच्या जमिनीवरचे नमुने परवान्याशिवाय घेतलेले असतील तर मला त्यावर काही छापता येत नाही. परवाना मिळेपर्यंत मार्च उलटून जाईल. त्यात ढिगातल्या उरलेल्या पाल्याचं काय होणार ते तू मार्चमध्ये लिहिलंच होतंस. एप्रिलमध्ये तुम्ही तो भाजला.

मी रागावलेलो आहे. ते लिहून टाकलेलं बरं. पण लोधिवलीच्या नावाचा भुंगेरा लोधिवलीत नाही, हे मला छापून झाल्यावर कळलं असतं तर ते जन्मभर पुरलं असतं.

पाला नेमका कुठला, हे एकच माणूस सांगू शकतं. तिला विचार. दटावून नको.

प्रवीण

—

लोधिवली,
१५ सप्टेंबर २०२४

चि. प्रवीण,

विचारलं. जसं घडलं तसं लिहिते, काही वगळत नाही.

ठमी बांधावरचं गवत कापायला आली होती. मी म्हटलं, "ठमे, राबाचा पाला तू आणतेस कुठून? खरं सांग, मी कुणाला सांगायची नाही."

ती विळा धूत होती. "कुठून म्हंजी? आमच्या पट्ट्यातून."

"कसला पट्टा?"

"वनपट्टा. जंगलातली आमी कसतो ती जमीन सरकारनं आमच्या नावावर करून पाच वर्सं झाली की. ऐन हायत तितं." मग तिने विळा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "तुमाला काय वाटलं बाई? मी चोरून आणते?"

हो म्हणायची हिंमत नव्हती, आणि नाही म्हणणं म्हणजे आणखी एक खोटं.

"इतकी वर्सं पाला घेतलात," ती म्हणाली. "येकदा इचारायचं तरी व्हतं."

दुसऱ्या दिवशी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद घेऊन आली. माझ्यापुढे धरला. "वाचा. वाचाया तुमीच शिकवलंत." तीन वर्षं ती माझ्या वर्गात होती, तिसरीनंतर आली नाही. तेव्हाही का येत नाही हे मी विचारायला गेले नव्हते. कागदावर नवरा-बायको दोघांची नावं आहेत, गोमा लडकू निरगुडा आणि ठमी गोमा निरगुडा. दोघांचा एकत्र फोटो आहे. एक एकर सहा गुंठे. अकरा ऐन आहेत आणि ते तिला एकेक करून ठाऊक आहेत.

प्रवीण, मी तिला वाचवत होते असं मला सात महिने वाटत होतं. ज्या संकटातून वाचवत होते ते माझ्या डोक्यात होतं. तिच्या डोक्यावरचा पाला बघून मी तो चोरीचा धरला, आणि धरला आहे हे मला कळलंसुद्धा नाही.

मी चहा टाकला. तिचा कप वेगळा असतो, खिडकीत पालथा घातलेला. तो वेगळा का, हे मी स्वतःला आजवर विचारलेलं नाही. तिने चहा घेतला नाही. जाताना म्हणाली, "तुमचा परवीण तुमाला पत्रं लिवतो. किडा माझ्या पाल्यातला, तर मला लिवाया काय झालं?"

पत्ता खाली देते. पत्र तिलाच लिही, माझ्यामार्फत नको.

सुनंदामावशी

—

बंगळूर,
२५ सप्टेंबर २०२४

श्रीमती ठमी गोमा निरगुडा यांस,
सप्रेम नमस्कार.

मी प्रवीण, सुनंदाबाईंचा भाचा. पाचोळ्यात राहणाऱ्या बारीक भुंगेऱ्यांचा अभ्यास करतो. तुमच्या ऐनाखालच्या पाल्यातून तीन भुंगेरे माझ्याकडे आले आहेत. माझ्या माहितीप्रमाणे या जातीचं वर्णन आजवर कोणी केलेलं नाही. ते तुमच्या जमिनीवरचे आहेत हे मला आता कळलं.

तुम्हाला न विचारता ते घेतले गेले. मावशीची चूक तिने कबूल केली आहे. माझीही आहे. तिच्या पहिल्या दोन्ही पत्रांत राब घालणारी म्हणून तुमचं नाव आलं होतं. जागा मी बारकाईने विचारत होतो, पण ते नाव वाचून पुढे गेलो.

तुमच्या जमिनीवर येऊन पाचोळा चाळायला मला तुमची परवानगी हवी आहे. सरकारी कागद जे लागतील ते मी करीन, पण ते तुमच्या होकारानंतर. तुम्ही येऊ दिलंत तर लेखात जागा म्हणून खैरवाडी छापेन आणि जमीन तुमची व गोमा यांची आहे, हेही. नाही म्हणालात तर हे तीन भुंगेरे बाटलीत तसेच राहतील आणि मी त्यांच्याबद्दल काही छापणार नाही. नाही म्हणायचं कारण देण्याची गरज नाही.

आपला,
प्रवीण

—

खैरवाडी,
१७ आक्टोबर

परवीण यांना नमस्कार.

पत्र भेटलं. दोन वेळा वाचलं. गोमाला वाचून दाखवलं. तो बोलला, जमीन दोगांची हाय पन पाला तू आणतेस, तू सांग. म्हनून मी लिवते. अक्षर बाईंनी शिकवलेलं हाय, लई दिवसांनी लिवते हाय.

तुमी या. आता नको, भात कापायचा हाय. कापून झाला का या, तवा खालचा पाला ओला असतो. बाईंच्या ढिगातला पाला मी वाटेच्या वळणावरच्या तिसऱ्या ऐनाखालून घेतला व्हता. तितं दगडाच्या आड ओल राहते. दुसरीकडं चाळू नका, तुमाला काय भेटायचं नाय. त्या ऐनाखालचा पाला मी औंदा राबाला घेणार नाय, तुमी येईतो ठेवते.

पाला चाळलात का तितंच परत टाका. घेऊन जायाचा नाय. किडे लागतील तेवडे न्या, समदे नेऊ नका.

नाव काय ठेवायचं ते तुमी ठरवा. लोदिवलीचं नको, तो तितला नाय.

येताना बाईंना पन आणा. त्यांना सांगा चढ हाय, पन मी आनी गोमा हात धरू. त्यांच्या घरी मी लगीन झाल्यापासून जाते, त्या आमच्या घरी येकदा बी आल्या नाय. मी चहा करीन. आमच्याकडं समद्यांचे कप येकसारखे हायत.

ठमी गोमा निरगुडा